अप्पांना विचारून सांगतो

मला कोच लावायचं ठरलं तेव्हा पहिला विनोद अप्पांनीच केला. "लातुरात गल्लोगल्ली क्लासेस हायेत. कुठनं कुठनं पोरं येतात हितं शिकायला. आन् माझ्या म्यानेजरला शिकवणी बाहेरनं लावायची?" ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो.

अप्पा म्हणजे आमच्या डाळ मिलचे मालक. मुख्य मिल लातूरला, दुसरी नांदेडच्या एमआयडीसीत. मी उमरी तालुक्यातल्या एका गावचा, घरातला पहिला पदवीधर. नांदेडला बी.कॉम. होऊन बाहेर पडलो तेव्हा अप्पांनी मला हिशेबाच्या टेबलावर बसवलं, पुढे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, नेऊन खरेदी शिकवली, बाहेरून एमबीए केलं तेव्हा परीक्षेला सुट्ट्या दिल्या. आज मी जो काही आहे त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. हे मी कुणालाही सांगतो, आणि सांगताना मला संकोच वाटत नाही.

त्यांचं वय होत चाललं होतं. मुलगा नाही, एकुलती मुलगी हिमायतनगरला दिलेली. दोन्ही मिल एकट्यानं बघणं होत नव्हतं, म्हणून नांदेडची मिल पूर्णपणे कुणाच्या तरी हातात द्यायची होती. तो माणूस मी असेन किंवा हैदराबादचा एक अनुभवी गृहस्थ, ज्याच्याशी बोलणी झाली होती. आमचे सीए पुण्याचे. त्यांनी सुचवलं की बाहेरचा माणूस आणण्याआधी घरच्या माणसाला एक चांगला कोच द्या आणि तुरीचा हंगाम संपेपर्यंत वाट बघा. अप्पांनी मान्य केलं, आणि कोच माझा मीच निवडायचा असं सांगितलं.

सीएंनी तीन नावं दिली. पहिले पुण्याचे, व्हिडिओवर बोलले. माणूस हुशार होता, पण त्यांचं इंग्रजी ऐकताना मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटत राहिलं. दुसरे लातूरचेच, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी यशाची सूत्रं सांगितली, आपल्या कार्यक्रमांचे फोटो दाखवले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला ते आवडले होते, हे कबूल करायला हवं. तिसऱ्या मॅडम नांदेडच्या. संभाजीनगरला एका मोठ्या कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळून त्या सासऱ्यांच्या आजारपणामुळे परत आल्या होत्या. घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली, दोन खुर्च्या, मध्ये टेबल नाही.

मी चपला जिन्याखाली काढल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसलो. त्यांनी विचारलं, तुम्हाला यातून काय हवंय? मी म्हणालो, अप्पांनी सांगितलं म्हणून आलो.

"मग अप्पांनाच पाठवा," त्या म्हणाल्या. "त्यांना काय हवंय ते त्यांना माहीत असेल."

त्यानंतर मी वडिलांना फोन केला, शाळेतल्या सरांना विचारलं, बायकोला विचारलं. वडील म्हणाले, मालकाला इचार. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, तुलाच निवडायला सांगितलंय. शेवटी मी मॅडमचं नाव दिलं. नांदेडला माझी फेरी असायचीच, हे एक कारण. दुसरं कारण मला तेव्हा सांगता आलं नसतं. तिघांपैकी त्यांनीच फक्त मला प्रश्न विचारला होता.

पहिली बैठक तिघांची झाली, लातूरच्या ऑफिसात. काय साधायचं ते ठरलं: आतापासून नांदेडला मी बसायचं, आणि ती मिल मी स्वतंत्रपणे चालवू शकतो का, हे हंगामाअखेर दिसलं पाहिजे. अप्पांनी दर महिन्याला अहवाल मागितला. मॅडमनी नम्रपणे नकार दिला. आमच्यात जे बोलणं होईल ते आमच्यात राहील, तुम्हाला काय सांगायचं ते हे सांगतील, असं त्या म्हणाल्या. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिल्यांदाच त्यांच्यापासून काही लपवणार होतो.

गुरुपौर्णिमेला मी शाल आणि नारळ घेऊन गेलो. आमच्याकडे ज्याच्याकडून शिकायचं त्याला रिकाम्या हातानं भेटत नाहीत. मॅडमनी नारळ घेतला, शाल परत दिली. "नारळ चटणीला होईल. शाल घेतली तर तुम्ही माझं ऐकायला लागाल." मला ते नीट कळलं नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, रंग आवडला नसेल.

मी खरंच त्यांचं ऐकतच होतो. त्या काही विचारत आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत त्यांना आवडेल असं उत्तर शोधत असे. शाळेत मी असाच पहिला आलो होतो. काही भेटींनंतर त्या म्हणाल्या, इथं बसून काही कळत नाही, मी एक दिवस नांदेडच्या मिलवर येते.

त्या आल्या आणि दिवसभर एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. कामगार आधी बिचकले, मग विसरले. संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, सकाळी यंत्राचा पट्टा बदलायचं विचारायला आलेल्या मेकॅनिकला काय सांगितलंत?

"अप्पांना विचारून सांगतो म्हणालो."

"तुम्हाला उत्तर माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. बदलायचाच होता."

"मग?"

"विचारायला पाहिजे ना, मॅडम."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी मला दिवसभरात दिसलेलं एवढंच सांगितलं, की मेकॅनिक माझ्या केबिनमधून बाहेर पडला आणि त्यानं दारातूनच अप्पांना फोन लावला. खरेदीच्या सुपरवायझरनं तर माझ्याकडे येण्याचीही तसदी घेतली नाही. उत्तर जिथून येतं तिथंच माणूस जातो, त्यात त्यांची चूक नाही, असं त्या म्हणाल्या.

मला राग आला नाही, पण त्यांना हे समजावून सांगावंसं वाटलं. आमच्या घरात विचारणं हा मान असतो. बैल घ्यायचा असो, पेरणी असो, माझे वडील ठरवलेलंच असलं तरी थोरल्या चुलत्यांना विचारून येत. चुलते सहसा "कर की" एवढंच म्हणत. न विचारता केलेलं काम चांगलं झालं तरी गावात त्याला माज म्हणतात. अप्पांनी मला उभं केलं. त्यांना न विचारता मी त्यांच्या मिलचा पट्टा बदलणं मला कृतघ्नपणा वाटत होता. हे सगळं मी मॅडमना सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "आता तुम्ही सांगाल तसं करतो."

"म्हणजे अप्पांच्या जागी मी," त्या म्हणाल्या. "मला नको ती जागा."

नंतर त्यांनी मला एवढंच विचारलं की चुलत्यांनी कधी "करू नको" म्हटलं होतं का, आणि तेव्हा वडिलांनी काय केलं. मला आठवेना. रविवारी गावी गेलो तेव्हा वडिलांना विचारलं. ते विहिरीच्या वेळी न्हाई म्हणले होते, वडील म्हणाले. "मग?" "मग काय. खांदली की. पाणी लागल्यावर पहिला तांब्या त्येंनाच नेऊन दिला." त्यांच्या बोलण्यात कसलाच अभिमान नव्हता. मला मात्र हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तूर यायला लागली. एका दुपारी हिमायतनगरहून एक ट्रक आला. पाठवणारे आडते, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणारे दलाल, अप्पांचे व्याही होते. सुपरवायझरनं नमुना काढून ओलावा पाहिला. तूर ओली होती, घेण्यासारखी नव्हती. असा माल थप्पीला लावला की आतून तापतो आणि शेजारच्या पोत्यांनाही नासवतो. सुपरवायझरच्या हातात फोन होता, अप्पांचा नंबर समोर काढलेला. तो माझ्याकडे बघत थांबला होता, हे नवीन होतं.

मी ट्रक परत न्यायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, पाव्हण्याचा माल हाय. कुणाचा माल परत करून राहिले, म्हाईत हाय ना?" मी म्हणालो, माहीत आहे, वाळवून आणा.

ट्रक फाटकाबाहेर पडल्यावर मी अप्पांना फोन केला. कारण सांगितलं, ओलाव्याचा आकडा सांगितला.

"आता इचारायलास व्हय?"

"नाही, अप्पा. झालेलं सांगायलोय."

त्यांनी फोन ठेवला.

पुढचे काही दिवस त्यांचा फोन आला नाही. व्याही नाराज आहेत, नातवाच्या जावळाला ते अप्पांशी धड बोललेही नाहीत, हे मला लातूरच्या ऑफिसातून कळलं. हैदराबादचे गृहस्थ येऊन मिल बघून गेले, हेही कळलं. मॅडमना मी विचारलं, मी चुकलो का. त्यांनी उलट मलाच विचारलं: तसाच ओला ट्रक आज पुन्हा आला असता तर काय केलं असतं? मी बराच विचार केला. तेच केलं असतं.

हंगाम संपायची वाट न बघता अप्पांनी तिघांची शेवटची बैठक बोलावली, पुन्हा लातूरला. अप्पा मॅडमना म्हणाले, "माझं गरीब पोरगं होतं. तुम्ही बिघडवून दिलं." त्यांचा चेहरा हसरा नव्हता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच बोललो. म्हटलं, अप्पा, तुमचा मान मला ठेवायचा आहे, पण ओली तूर घेऊन तो राहत नाही. तुम्हाला हैदराबादचा माणूस ठेवायचा असेल तर मी लातूरला पुन्हा टेबलावर बसेन. पण तोही तो ट्रक परतच पाठवेल.

अप्पांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. चहा आल्यावर म्हणाले, "नांदेड तू बघ. पण व्याह्याकडं तूच जायचं. मी न्हाई येणार मधी. ट्रक तू फिरवलास, तोंड तू दाखव."

दुसऱ्या दिवशी मी हिमायतनगरला गेलो. आडतीत व्याह्यांनी मला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी ते बोलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. गर्दी ओसरल्यावर विचारलं, "अप्पांनी माफी मागायला धाडलं का?"

मी म्हणालो, माफीचं त्यांनी काही सांगितलं नाही. ट्रक मी परत पाठवला होता, म्हणून आलो. माल वाळला असेल तर घेऊन जातो, नसेल तर चार दिवसांनी पुन्हा येतो.

त्यांनी माझं गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, शेती किती ते विचारलं. मग गोदामाचं दार उघडून एका पोत्यात हात घातला, मूठभर तूर माझ्या हातावर ठेवली आणि मी दाणा दाताखाली धरून पाहीपर्यंत थांबले. ती अजून थोडी ओलसर होती. मी तसं सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातली तूर परत पोत्यात टाकली. मग आत वळून त्यांनी जेवणाचं एक ताट जास्त वाढायला सांगितलं.