दिलीप दोनदा निळा पडला

दोघांनी धरून आणलेल्या दिलीपचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते. नखंही तशीच. मागोमाग प्रॉडक्शन मॅनेजर पाटकर धावत आले.

"मॅडम, हार्ट अटॅक! ॲम्ब्युलन्स काढायला सांगितलीय."

दिलीप मात्र खुर्चीत नीट बसून बोलत होता. "मला काय नाय झालं मॅडम. डोकं जाम जड झालंय, बस."

मी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात डॉक्टर आहे. आमच्याकडे रंगांचा कच्चा माल बनतो. ऑक्सिजन लावून दहा मिनिटं झाली तरी बोटाला लावलेल्या मशिनवरचा ऑक्सिजनचा आकडा पंच्याऐंशीवरून हलेना. ईसीजी ठीक होता. इतका निळा पडलेला माणूस एवढ्या गप्पा मारत नाही.

मी त्याच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला आणि शेजारी माझ्या रक्ताचा. माझा लाल राहिला. त्याचा चॉकलेटी होता, चॉकलेटीच राहिला.

"दिलीप, सकाळी काय काम केलंस?"

"ॲनिलीनच्या पंपाचं सील गळत होतं. ते बदललं. ग्लव्हज होते ना मॅडम."

ॲनिलीन हे तेलासारखं रसायन. कातडीतून अंगात शिरतं आणि रक्ताला ऑक्सिजन पोचवू देत नाही. वरून कितीही ऑक्सिजन द्या, उपयोग थोडाच. आम्ही त्याचे कपडे, बूट काढले आणि त्याला साबणाने डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. यावरचं औषध आमच्या कपाटात असतंच. त्याचं नाव मिथिलीन ब्लू, आणि तेही निळंच. ते शिरेतून हळूहळू दिलं. तासाभरात ओठ गुलाबी झाले.

"आता लघवी हिरवीनिळी होईल, घाबरू नकोस," मी म्हटलं. तो हसला. एक रात्र हॉस्पिटलमध्ये, दोन दिवस घरी आराम आणि मग स्टोअरमध्ये हलकं काम, असं ठरलं.

कामावर आला त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, दिलीप परत माझ्यासमोर. ओठ पुन्हा निळे. या वेळी कमी, पण निळेच.

"स्टोअरमध्ये कुठलं आलंय केमिकल?" पाटकर म्हणाले. "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, हार्टचं आहे."

खरं सांगते, मीही डळमळले. काही चुकलं असेल तर माणूस माझ्यामुळे जाणार होता. ऑक्सिजन लावला, हॉस्पिटलला कळवलं आणि पालेगावला त्याच्या बायकोला फोन केला. सुरेखा रिक्षाने लगेच आली.

"घरी काय नवीन खाल्लं? कुठली गोळी?"

"काय नाय मॅडम. पण यांच्या बुटांना काल सिक्युरिटीवाल्याने घरी आणून दिल्यापासून कुजक्या मासळीचा वास येतोय. मी ते दाराबाहेर ठेवले होते. सकाळी तेच घालून आले."

ॲनिलीनला तसाच वास येतो. मी खाली पाहिलं. चामड्याचे सेफ्टी शूज, त्याच्या पायातच. पंप दुरुस्त करताना तो गळतीत उभा होता. त्या दिवशी कपडे आम्ही फेकले, बूट मात्र सिक्युरिटीने उन्हात वाळवून परत दिले होते. चामड्यात मुरलेलं ॲनिलीन घामाबरोबर पायात उतरत होतं.

बूट काढले, पाय तीनदा धुतले. संध्याकाळपर्यंत दिलीप माणसासारखा दिसू लागला. ते बूट सुरेखानेही उचलले होते, म्हणून मी तिची नखंही तपासली. ती ठीक होती.

दुसऱ्या दिवशी पाटकरांनी ते बूट स्वतः कटरने कापले आणि केमिकलच्या कचऱ्यात टाकले. मला म्हणाले, "हार्ट नव्हतं मॅडम." एवढंच. पण त्याच आठवड्यात पंपावर काम करणाऱ्यांना रबरी गमबूट मिळाले.

मी पहिल्या दिवशी दिलीपला सगळे प्रश्न विचारले, पण तो घरी होता तेव्हा घरच्यांना एकही विचारला नाही. आता निळा पेशंट आला की मी दोन गोष्टी करते. बूट माझ्या ताब्यात घेते आणि घरी फोन लावते. मशीन आकडा दाखवतं, वास घरच्यांनाच येतो.