कप्पा बसत नाही, असं मी सांगितलं

२००६ साल. मला सहासष्ट पुरी झाली होती. शाळा चौथीपर्यंत. पण फिटरकीत पस्तीस वर्षं काढली, पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात, आणि माझ्या हातून गेलेलं काम परत आलंय असं एकदाही झालं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. कारण त्या वर्षी एक साधं प्लास्टिकचं झाकण मला बसवता आलं नाही, असं आमच्या सोसायटीतले दोघं-तिघं अजूनही समजतात.

राहायला आम्ही पुण्याबाहेर, मांजरीला. एका खिडकीतून ऊस दिसायचा, दुसरीतून शेजारच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे. फ्लॅट मुलानं घेतलेला. मुलगा कॉम्प्युटरमधला. २००४ साली बायको-मुलीला घेऊन अमेरिकेला गेला. "दीड वर्षाचं काम आहे बाबा, गेलो आणि आलो." गाडी खाली पार्किंगमध्ये ठेवून गेला, किल्ली माझ्या हातात दिली. जाताना समोरच्या कप्प्यात एक प्लास्टिकचं पाकीट ठेवलं आणि म्हणाला, "गाडीचे कागद आहेत. इथंच असू द्या."

मला गाडी चालवता येत नाही. लायसन स्कूटरचं. पण गुरुवारी आणि रविवारी मी गाडी सुरू करायचो, चार-सहा हात पुढं घ्यायची, तेवढीच मागं. बॅटरी उतरू नये म्हणून. मग पुसायची, आतून-बाहेरून. ते पाकीटसुद्धा काढून पुसायचो. बायको गॅलरीतून बघायची आणि म्हणायची, "देवाची एवढी सेवा केली असतीत तर एव्हाना दारात येऊन उभा राहिला असता."

आता त्या कप्प्याचं. डॅशबोर्डला, ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यासमोर जो कप्पा असतो तो. पोरं ग्लोव्ह बॉक्स म्हणतात. आमची नात आईच्या मांडीवर बसायची आणि दोन्ही पाय त्याच्या झाकणावर ठेवून ठोकायची. कोणी रागावलं नाही. मी तर नाहीच. त्यानं झाकण एका बाजूनं सैल झालं. तिरकं बसायचं, खिट्टी जेमतेम कोपऱ्याला धरायची, आणि गाडी जरा हादरली की सगळं धाडकन मांडीवर. मी ते तसंच ठेवलं होतं. गाडीत बसत कोण होतं?

गणपतीत मुलाचा फोन आला. रविवारी यायचाच.

"बाबा, गाडी नुसती उभी राहून खराब होते. देऊन टाकू कोणाला तरी."

"उभी कुठं आहे? मी आठवड्यातून दोनदा सुरू करतो."

"सुरू करणं म्हणजे चालवणं नाही ना बाबा."

"आणि आल्यावर काय करशील? स्वारगेटला बसला लोंबकळशील?"

"आलो की नवी घेऊ."

"कधी येतोस?"

"दिवाळीला प्रयत्न आहे. नक्की नाही सांगत."

'प्रयत्न आहे' एवढं मी धरून ठेवलं, 'नक्की नाही' सोडून दिलं. माझं गणित सरळ होतं. गाडी खाली उभी आहे तोवर तो यायचा आहे. गाडी गेली की संपलं. हे कोणाला पटवून देता आलं नसतं, म्हणून मी बोललो नाही. दिवाळीपर्यंत गाडी राहिली पाहिजे. तो येईल, आत बसेल, स्टिअरिंगला हात लावेल आणि मग विकायचं नाव काढणार नाही, अशी माझी खात्री होती.

गिऱ्हाईक मुलानंच शोधलं होतं, कॉम्प्युटरवरून. वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवणारा नागपूरकडचा माणूस, बरोबर त्याची बायको. बाईंना दिवस गेलेले. गाडी बघून दोघं खूश. "काका, गाडी तर नवीनसारखी ठेवली तुम्ही." आमच्या गल्लीतून एक चक्कर मारली, मी मागं बसलो. पहिल्याच स्पीडब्रेकरला कप्पा उघडला तो बाईंच्या गुडघ्यावर.

"अगंबाई!"

"हे काय होऊन राहिलं काका?" तो म्हणाला.

बाईंनी पोटावर हात ठेवला आणि झाकण एका हातानं दाबून धरलं. घरापर्यंत तसंच.

उतरल्यावर तो म्हणाला, "बाकी काही नाही. एवढं नीट करून घ्या. आता पितृपक्ष येईल, त्यात काही आम्ही नेत नाही. दसऱ्याला नेऊ. त्याआधी झालं की फोन करा. नाहीतर मग दुसरी एक बघितलेली आहे."

"गॅरेजला टाका," मुलगा फोनवर म्हणाला. मी म्हणालो, "गॅरेज कशाला? मी मेलोय का?"

बोलून गेलो. सवयच ती. कुठलं काम बिघडलेलं दिसलं की आधी तोंड पुढं जातं.

पहिले चार दिवस मी खरोखरच नीट करायच्या मागं होतो. आधी खिट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. झाकण बसलं, पण मग उघडेना. तो काढला. मग पकडीनं खिट्टीचं नाक जरा वाकवायला गेलो, तर प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटली. लोखंड वाकायच्या आधी हाताला सांगतं. पितळ सांगतं. हे प्लास्टिक काही सांगत नाही, एकदम रेघ दाखवतं. आणि स्क्रू म्हणाल तर एक नाही. सगळं दाबून अडकवलेलं. ज्याला स्क्रू नाही ते काम दुरुस्त करायसाठी केलेलंच नसतं, असं माझं मत झालं आणि अजून आहे.

पार्किंगमध्ये उकिडवा बसून मान आत घालून मी तासन्‌तास बघत राहायचो. येणारे-जाणारे विचारायचे, "काय हरवलं काय काका?" सांगायचो, "तुमचं काय जातंय?"

पाचव्या दिवशी कळलं. दोष खिट्टीचा नव्हताच. कप्प्याच्या खाली दोन आकडे असतात, ते आतल्या एका दांडीला धरतात आणि त्यावर कप्पा फिरतो. डावा आकडा पोरीच्या पायांनी झिजून रुंद झाला होता आणि दांडीवरून सुटला होता. म्हणून तिरकं. स्कूटरचा जुना पेट्रोलचा पाइप पडला होता. त्याचा दोन बोटं तुकडा कापला, उभा चिरला आणि दांडीवर चढवला. दांडी जाड झाली, आकड्यानं घट्ट धरलं. झाकण लावलं. टक्. उघडलं, लावलं. टक्. दहा वेळा केलं असेल. गाडीच्या डॅशबोर्डवर मुठीनं दणके दिले. जागचं हललं नाही.

मग मी तसाच शेजारच्या सीटवर बसून राहिलो. काम झालं होतं. आता फोन करायचा आणि दसऱ्याला गाडी जाणार.

थोड्या वेळानं वाकलो, आकडा सोडवला, पाइपचा तुकडा काढला आणि खिशात घातला. झाकण लावलं. तिरकं बसलं.

पस्तीस वर्षांत झालेलं काम मी स्वतःच्या हातानं कधी मोडलं नव्हतं. वर आलो तर बायकोनं विचारलं, "झालं?"

"नाही."

"अख्ख्या कारखान्याची मशिनं लावलीत म्हणता, आणि एक झाकण बसेना?"

"नाही बसत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हात धुवायला गेलो आणि तो तुकडा दाढीच्या डब्यात टाकला.

पितृपक्षात गिऱ्हाइकाचा फोन आला. "जमत नाही," मी सांगितलं. ते दोन शब्द तोंडातून काढायला जे लागलं ते माझं मला माहीत. तो म्हणाला, "मग एखाद्या मेकॅनिकला दाखवा की." म्हटलं, "बघतो." आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा "जमत नाही." खालच्या मजल्यावरचे एक रिटायर क्लार्क, ज्यांना स्वतःच्या घरचा बल्ब बदलता येत नाही, ते जिन्यात थांबून म्हणाले, "काका, फेव्हिक्विक लावून बघितलंत?" मी "बघतो" म्हणालो. त्यांनाही.

आणि मुलगा रविवारी म्हणाला, "राहू द्या बाबा. आता वयसुद्धा झालं तुमचं. त्रास नका करून घेऊ." आवाज अगदी मऊ होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे हत्यारं पाटावर मांडली. स्क्रू ड्रायव्हर, पकड, कानस, हॅक्सॉ. हळद-कुंकू, झेंडू. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत उचलायचं नाही, हा कारखान्यातलाही नेम आणि घरातलाही. एक दिवस काढला की दसरा जाईल, गिऱ्हाईक दुसरी गाडी घेईल. मी मोजत होतो.

दसऱ्याला सकाळी दहाच्या सुमारास ते दोघं दारात. हातात झेंडूचा हार आणि नारळ.

"काका, कप्प्याचं सोडा. आम्ही बघून घेऊ कुठंतरी. हिला हीच गाडी पाहिजे."

मी शेवटचा प्रयत्न केला. "मालक अमेरिकेत. कागदांचं काय? सही तर त्याची लागेल. तो दिवाळीला येतोय."

"त्यांचा ईमेल आला ना काल. म्हणाले, सगळं कप्प्यातल्या पाकिटात आहे."

आम्ही चौघं खाली गेलो. बाई पुढच्या सीटवर बसल्या, कप्प्याला नुसता हात लावला, झाकण पडलं आणि पाकीट त्यांच्या मांडीवर आलं. त्यांनी एकेक कागद काढून नवऱ्याकडं दिला. सगळे इंग्रजी. मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. तो चाळता चाळता थांबला आणि म्हणाला, "घ्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म. सह्यासुद्धा करून ठेवल्या आहेत. तारीख तेवढी आपण टाकायची. हुशार आहे काका तुमचा मुलगा."

"दाखवा," मी म्हणालो.

इंग्रजी येत नसलं तरी त्याची सही मला ओळखू येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही मारायला शिकला, त्यातूनच ती त्यानं तयार केलेली. खालची रेघ तशीच मागं ओढलेली. दोन फॉर्म, तीन-चार ठिकाणी सही, निळ्या शाईत. ते पाकीट २००४ पासून त्या गाडीतून वर गेलं नव्हतं. दोन वर्षं मी त्याच्यावरची धूळ पुसत होतो.

त्या दोघांना तर वेगळं काही दिसलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं अडचण सुटली होती.

मी म्हणालो, "थांबा पाच मिनिटं."

वर आलो. दाढीच्या डब्यातून पाइपचा तुकडा घेतला. पाटावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. बायको मागोमाग जिना चढून आली होती, धापा टाकत.

"अहो, पूजेतलं हत्यार आहे ते! संध्याकाळपर्यंत..."

"माझं हत्यार आहे," मी म्हणालो.

खाली जाऊन बाईंना उतरायला सांगितलं. वाकलो, तुकडा दांडीवर चढवला, स्क्रू ड्रायव्हरनं आकडा सारून आत दाबला. झाकण लावलं. टक्. कुंकू माझ्या बोटाचं त्या काळ्या झाकणाला लागलं ते बाहीनं पुसलं.

"बसवा बाईंना. आता स्पीडब्रेकर नाही, खड्ड्यात घाला. उघडणार नाही."

त्यानं चार-पाच वेळा उघडून लावून पाहिलं. मग हसला. "काका, पाच मिनिटांचं काम होतं. महिनाभर मग काय झालं होतं?"

नंतर बऱ्याच वेळा मी तिथं उभा राहून त्याला चांगली उत्तरं दिली आहेत, मनात. तेव्हा एक सुचलं नाही.

बायको म्हणाली, "हात दुखत होता त्यांचा."

म्हणजे तिला माहीत होतं.

त्यांनी बॉनेटला हार घातला. नारळ मला फोडायला दिला. मी फोडला. गाडी फाटकाबाहेर गेली, उसाच्या कडेनं मोठ्या रस्त्याला लागली. संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा बायकोच बोलली. मला बोलावलं, मी अंघोळीला गेलो. दसऱ्याची दुसरी अंघोळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेशनकार्ड घेतलं आणि रेशन ऑफिसला गेलो. खिडकीवर म्हणालो, "मुलाचं नाव कमी करायचंय. सुनेचं आणि नातीचंही." आतल्या माणसानं फॉर्म पुढं सरकवला. नावं लिहिली. खाली 'कारण' म्हणून एक रेघ होती. तिच्यावर पेन टेकवून मी उभा राहिलो. मागची बाई म्हणाली, "आजोबा, सुचत नसेल तर जरा बाजूला व्हा, आमचा नंबर जातोय." बाजूला झालो. कागद भिंतीला टेकवला आणि एकेक अक्षर लावून लिहिलं, 'बाहेरगावी असतात.'