डायनिंग कॅप्टनची लाल वही

स्वतःची तक्रार स्वतःच करणारं, तीही शाईच्या पेनाने आणि तारीख-वार घालून, असं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं; आणि ते माणूस तेव्हा नववीत होतं. दोन घट्ट वेण्या, गुडघ्याच्या खाली चार बोटं गेलेला स्कर्ट, छातीवर डायनिंग कॅप्टनचा बिल्ला आणि काखेत लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही. आमच्या बोरिवलीच्या बोर्डिंगमधल्या नव्वद मुली, सात सिस्टर, एक वॉचमन आणि एक मांजर, एवढी सगळी प्रजा त्या वहीला भिऊन असायची. मी तिथे मराठी शिकवते, संध्याकाळचा अभ्यास घेते आणि साडेसातला मुलींच्याच पंगतीला जेवून घरी जाते. त्यामुळे माझंही नाव त्या वहीत यायला काहीच अडचण नव्हती, आणि ते यथावकाश आलंच.

बोर्डिंगमध्ये मोठ्या मुलींना कामं वाटून दिलेली असतात. चॅपल कॅप्टन वेदीवरची फुलं बदलते, डॉर्म कॅप्टन चादरींच्या घड्या तपासते, लॉन्ड्री कॅप्टन कपड्यांवर शिवलेले नंबर वाचून जिचे तिला परत करते. या सगळ्यांच्या वर दहावीतली हेड गर्ल, जिला निळा पट्टा मिळतो. डायनिंग कॅप्टनने वाढप सांभाळायचं, कोण काय टाकतं, कोण कुठे चुकतं ते त्या लाल डिफॉल्टर वहीत लिहायचं आणि सगळ्यांचं झालं की शेवटी जेवायचं. पुढारी व्हायचं तर आधी वाढायला शिका, ही आमच्या सिस्टर सुपिरियरची शिकवण. आजवरच्या कॅप्टन हे व्रत आठवडाभर पाळत आणि मग डाळीतले बटाटे आधीच एका वाटीत काढून ठेवू लागत. ही बया मात्र सुट्टीत दहिसरला घरी गेली तरी शेवटीच जेवायची. एका भेटीच्या रविवारी तिची आई डबा घेऊन आली आणि मला बाजूला ओढून म्हणाली, "बाय, ह्या चेडवाक तुम्ही काय शिकवलास? परवा पोराच्या वाढदिवसाक चाळीतली सगळी माणसा जेवल्याशिवाय ही ताटार बसाक तयार नाय. शेवटाक हिच्या वाट्याक नुसतो रस्सो!" मी काही शिकवलं नव्हतं. मी तर स्वतः पहिल्या पंगतीला बसते.

वहीच्या बाबतीत तिला लहान-मोठं काही कळायचं नाही. वॉचमनने ताटात भात टाकला, लिही. प्रार्थना व्हायच्या आधीच मांजराने बांगड्याचा तुकडा पळवला, तर मांजराच्या नावापुढे ‘ग्रेसच्या आधी खाल्लं’ अशी नोंद. माझं म्हणाल तर मला कारलं सोसत नाही. लहानपणापासून नाही. दर गुरुवारी कारलं असायचं आणि मी दोन फोडी हळूच ताटाच्या काठाखाली सरकवायचे. चाळीस वर्षांच्या बाईने काय करावं आणि काय करू नये हे मला कोणी सांगायची गरज नाही. एका गुरुवारी मी उठायच्या बेतात असताना समोर वही उघडली गेली.

"टीचर, कारलं खाली आहे ना?"

"कुठे खाली?"

"ताट उचला ना, मग दिसेल."

आजूबाजूच्या मुली माना लांब करून बघायला लागल्या. मी ताट उचललं नाही, पण मान्य केलं. तिने शांतपणे लिहिलं, ‘मराठी टीचर. कारलं, दोन फोडी, ताटाखाली.’ माझ्यापुढे वही धरून सही घेतली आणि वर म्हणाली, "सॉरी हं टीचर, पण सोडलं तर मग सगळ्यांनाच सोडावं लागेल." मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी तिला निबंधात दोन मार्क कमी दिले. मग घरी जाऊन लाज वाटली आणि सोमवारी ते परत दिले.

पण सगळ्यात जास्त नोंदी होत्या तिच्या स्वतःच्या. तिला पकडणारं कोणी नव्हतं, वहीच तिच्याकडे होती. तरी ती लिहायची आणि पुढे ‘स्वतः’ असं लिहून खाली रेघ ओढायची. ‘चपाती वाढताना मैत्रिणीला मोठी दिली. स्वतः.’ ‘खीर हलवताना चमचा चाटला. स्वतः.’ एकदा होतं, ‘ग्रेसच्या वेळी एक डोळा उघडा. स्वतः.’ मी विचारलं, अगं, हे कशाला लिहायचं? तर म्हणते, "टीचर, उघडा होता म्हणून तर मला कळलं ना, बाकीच्यांचे बंद आहेत ते. चीटिंगच झाली ती." मी आपली वर्गात गेले.

एवढं असूनही तिला एक गोष्ट हवी होती आणि ती लपवायची कला तिला अजिबात नव्हती. तिला हेड गर्लचा निळा पट्टा हवा होता. तिचे वडील मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, आई हॉस्पिटलात शिफ्टमध्ये आया, म्हणून पोरगी बोर्डिंगमध्ये. वडिलांनी फोनवर सांगून ठेवलं होतं की तू हेड गर्ल झालीस की पट्टा घातलेला फोटो बोटीवरच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीच्या वर लावीन. पट्टे द्यायच्या समारंभाला यायचं म्हणून त्यांनी सुट्टीही मागून घेतली. तिच्याइतकी लायक मुलगी दुसरी नव्हती, हे मुलींनाही ठाऊक होतं आणि सिस्टरनाही. नववीच्या शेवटी नाव जाहीर होणं, एवढंच बाकी होतं.

आणि मग आडवी आली ती तिचीच वही. डायनिंग हॉलच्या भिंतीवर काचेत लावलेला एक जुना नियमांचा कागद आहे. त्यात लिहिलंय, ज्या मुलीच्या वर्षात दहापेक्षा जास्त नोंदी, तिला पुढच्या वर्षी कुठलंही पद नाही. सिस्टर सुपिरियरनी वही मागवली आणि आम्ही दोघी मोजायला बसलो. कॅप्टनच्या नावावर एकेचाळीस नोंदी निघाल्या. त्यातल्या एकेचाळीसच्या पुढे ‘स्वतः’.

सिस्टर वसईच्या, मोठ्या मायाळू. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि वही मिटून टेबलावर ठेवली. "बाळा, हे सगळं तू गमतीत लिहिलंस ना? तू एवढंच म्हण, की गमतीत लिहिलं. मी ही पानं मोजणार नाही."

मी मागून मान हलवत होते, म्हण, म्हण. तिचे कान लाल झाले. ती त्या वहीकडे बघत राहिली. तिला पट्टा किती हवा होता ते तिच्या मुठींवरून दिसत होतं.

"सिस्टर, गमतीत नाही लिहिलं," ती शेवटी म्हणाली. "आणि माझ्या बेस्ट फ्रेंडचं पुढच्या वर्षीचं मॉनिटरपद याच वहीने जातंय. तिच्या अकरा नोंदी आहेत. त्या मीच लिहिल्यात. आता माझी पानं नाही मोजली, तर तिला काय सांगू?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सिस्टर, नियमच मूर्खासारखा आहे. फाडा ती पानं!" सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत मागे सरकले. पट्टा दुसऱ्या एका मुलीला गेला. चांगली मुलगी होती, तिची काही चूक नाही, पण मी आठवडाभर तिच्याशी सरळ बोलले नाही. व्हरांड्यात आल्यावर कॅप्टनला मी चांगलंच फैलावर घेतलं. मूर्ख आहेस, एक शब्द बोलायचा होता, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "टीचर, पप्पांनी विमानाचं तिकीट काढलं असेल का हो?"

काढलं होतं. त्यांना सांगायचा धीर तिच्या आईलाही झाला नाही. समारंभाच्या दिवशी ते नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले, मोबाइल तयार. नाव पुकारलं गेलं, दुसरीच मुलगी पुढे आली, पट्टा घातला गेला, टाळ्या झाल्या. त्यांनी हळूच मोबाइल खिशात ठेवला. मला तिकडे बघवेना.

त्यानंतर हॉलमध्ये सगळ्या पालकांचं जेवण. कॅप्टन कुठे असणार? पातेल्यामागे, डाव घेऊन. नव्या कॅप्टनना बिल्ले दुसऱ्या दिवशी मिळणार होते, म्हणून तो दिवस अजून तिचा होता. वडील ताट घेऊन तिच्यासमोर आले.

"पट्टो खंय गो तुझो?"

"गावलो नाय, पप्पा. वहीत माझा नाव खूप वेळा इला."

"कोणी लिवल्यान?"

"मियाच."

मी जवळच उभी होते. आता पोरगी रडणार, आणि मग मीही, अशी माझी खात्री होती. वडिलांनी एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या हातातल्या डावाकडे पाहिलं. मग इतक्या मोठ्याने हसले की बुंदीची परात घेऊन जाणाऱ्या सिस्टर दचकल्या. "माझाच चेडू ता!" असं म्हणून त्यांनी ताट पुढे केलं. तर ही काय म्हणते? "पप्पा, थांबा जरा. ल्हान पोरींचा होऊंदे."

आणि ते थांबले. बारा हजार मैल फिरून आलेला माणूस, ताट छातीशी धरून, रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिला. पालक जेवले, सिस्टर जेवल्या, मी जेवले, मांजरसुद्धा जेवलं. मग ती दोघं कोपऱ्यातल्या बाकावर बसून गार पुऱ्या आणि भाजीचा तळ खात बसली. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ते मला म्हणाले, "बाय, बोटीर मीय सगळ्यांच्या मागसूनच जेवतंय. पंचवीस माणसांची ताटा झाल्यार." मग त्यांनी मोबाइल काढला आणि तिचा फोटो घेतला, हातात डाव, गालाला हळद, पट्टा नाही. तोच फोटो आता कुठल्याशा समुद्रावर मसाल्याच्या फळीच्या वर आहे, असं तिची आई सांगते.

दहावी करून ती गेली, त्यालाही आता तीन वर्षं झाली. सध्या ती नर्सिंगला आहे आणि तिथल्या वॉर्डातही म्हणे सगळ्यांच्या मागून जेवते. डायनिंग कॅप्टन दरवर्षी नवी येते. चांगल्या असतात मुली, हसून वाढतात, टीचर लोकांकडे काणाडोळा करतात. मला तिची फार आठवण येते, आणि ती गुरुवारी जास्त येते. गेल्या गुरुवारी मी दोन फोडी ताटाखाली सरकवल्या. नव्या कॅप्टनने पाहिलं आणि गोड हसून पुढे गेली. मग तिला हाक मारून वही मागून घेतली, तारीख-वार घातला आणि लिहिलं, ‘मराठी टीचर. कारलं, दोन फोडी, ताटाखाली. स्वतः.’ खाली रेघ ओढली. आणि ताट उचलून ते कारलं खाल्लं.