गोवळकोंड्याची टाळी

हैदराबादला जाऊन मी चारमिनार पाहिला, सालारजंग म्युझियम पाहिलं, कुतुबशाही घुमट आणि त्यांच्याभोवतीची बाग पाहिली, आणि या सगळ्यांच्या दारात पिशव्या घेऊन बसलेली इंदुमावशी पाहिली. खरं सांगायचं तर लक्षात राहिली ती मावशीच.

इंदुमावशी माझ्या आईची मावसबहीण, लातूरकडची. यजमान सिकंदराबादला रेल्वेत. लग्न होऊन सुलतान बाजारातल्या दोन खोल्यांत आली आणि तिथलीच झाली. मराठवाड्यातून हैदराबाद बघायला निघालेला प्रत्येक नातेवाईक तिच्याकडे उतरायचा. मावशी सगळ्यांना बसने नेऊन गाव दाखवायची, म्हणजे फाटकापर्यंत. तिथे सगळ्यांचं सामान ताब्यात घ्यायची, ‘जावा, आरामात बघून या’ म्हणायची आणि स्वतः बाहेर बसायची. कुणीतरी बसायला पाहिजे की, असं तिचं म्हणणं.

मी तशी चौकस बाई, म्हणजे घरचे मला चोंबडी म्हणतात. घुमट बघून बाहेर आले आणि मावशीला विचारलं, एवढ्या प्रचंड घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्यांचं नाजूक कडं कशाला काढलं असेल?

“पाकळ्या आहेत होय?” मावशी म्हणाली. “मला काय माहीत? या लिंबाखाली दुपारभर सावली असते, तेवढं माहीत आहे.”

तेव्हा कळलं, की आयुष्य या शहरात काढून ती एकाही ठिकाणी आत गेलेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहूनच गेलं. आणि आता यजमान गेल्यावर मुलगा प्रशांत तिला कायमची पुण्याला न्यायला आला होता. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, आणि मावशी मात्र एकही भांडं बांधायला घेत नव्हती.

त्या रात्री जेवताना तिने आपण होऊन सांगितलं.

“बाकीचं राहिलं तर राहू दे. पण गोवळकोंड्याच्या दरवाज्यात, घुमटाखाली टाळी वाजवली की पार वर किल्ल्याच्या माथ्यावर ऐकू जाते. आल्यागेल्यासाठी खालून मीच वाजवायची. हात लाल व्हायचे. सगळे खाली येऊन म्हणायचे, हौ, आली. कशी येते ती, एकदा वरून ऐकून जायचं आहे.”

“आई, गुडघ्यांचं काय?” प्रशांतने विचारलं.

“गुडघे पुण्याला पण येणारच आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवळकोंड्याच्या दारात तिने आपली पिशवी माझ्या हातात दिली. “घुमटाच्या बरोबर मध्ये उभी राहा,” म्हणाली आणि प्रशांतचा हात धरून चढायला लागली.

मी पहिल्यांदाच बाहेर राहणारी झाले होते. आधी मजा वाटली. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दारांवर ठोकलेले खिळे बघितले, मान मोडेपर्यंत छत बघितलं. मग नुसती वाट बघणं उरलं. भोवती गाइड टाळ्या वाजवत होते, शाळेची सहल टाळ्या वाजवत होती.

शेवटी प्रशांतचा फोन आला, की पोचलो, वाजव. मी वाजवली. फोनवर मावशी आली.

“अगं, इथं तर टाळ्याच टाळ्या येऊ लागल्यात. तुझी कुठली?”

मी पुन्हा वाजवली. तेवढ्यात गाइडनेही वाजवली.

“कळंना गं,” मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला. “मग माझी तरी कुणाला कळली असेल? उगाच हौ म्हणत होते सगळे.”

मला फार वाईट वाटलं. तशीच खाली आली असती, तर हेच मनात घेऊन तिने शहर सोडलं असतं.

“मावशी, फोन बंद कर. गणपतीच्या आरतीला वाजवतो तशी वाजवते.”

पिशवी खांद्याला अडकवली आणि आरतीचा ठेका धरला. गाइड बघत राहिला. सहलीतली पोरं हसायला लागली. लाज वाटत होती, पण मी थांबले नाही.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. “आली,” प्रशांत म्हणाला. “आई रडते आहे.”

मावशी खाली उतरली तेव्हा घामाने भिजली होती आणि चेहरा खुलला होता. “हीच आपली, लगेच कळलं. बाकीच्या सगळ्या सुट्या येत होत्या.” मग लहान मुलीसारखं विचारलं, “मीही वरून वाजवली, तशीच. तुला आली का?”

मला रिक्षांच्या हॉर्नशिवाय काहीही ऐकू आलं नव्हतं.

“आली की. अगदी स्वच्छ,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट बघितलं, खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि हसली. “हौ,” म्हणाली, “तू पण पाहुणीच निघालीस.”