आत्याच्या पाठीवर

नातीच्या बारशात आत्या म्हणून इंग्रज जावयाची बहीण उभी होती, लंडनहून आलेली. नाव ठरलं होतं मीरा, दोन्हीकडच्या जिभांना सोपं. आत्याला मात्र आपल्या गेलेल्या आईचं नाव, एलेन, हवं होतं. सगळ्यांना चालणारं नाव शोधताना आपली माणसंच त्यातून गळून पडतात.

ती बाळाच्या कानाशी वाकली. रीतीप्रमाणे धपाटे घालायला आम्ही बायका तिच्यामागे हात उगारून उभ्या. आता ही कुठलं नाव सांगते?

"मीरा," ती कशीबशी म्हणाली. तिची पाठ थरथरत होती. माझा उगारलेला हात तिथे अलगद टेकला.

"तुझ्या आईचंही सांग तिला," मी म्हणाले. "बाळाच्या कानात आमच्यात एकच नाव कुणी सांगत नाही."