वाटीला टेकवलेला गाल

आमच्या कारखान्यात एक थरथरणारी वाटी आहे. तिच्या खाली विजेचं चुंबक. थरथर बेताची असली की वाटीतले स्क्रू आतल्या गोल चढणीवरून आपोआप रांगेने वर चढतात, वाढली की उड्या मारतात, कमी झाली की जागीच बसून राहतात. ती बेताची थरथर सुमनताई कडेला तळहात टेकवून ठरवतात. परवा त्यांनी हात न लावता वाकून गाल टेकवला आणि मग बटण फिरवलं.

"मशीनचा पापा घेताय होय?" शेजारची रेखा हसली.

"बोटांना कळत नाही गं आता. तव्याचा चटकासुद्धा लागत नाही. साहेबांना बोलू नकोस, उद्या माझ्या जागी दुसरी आणून बसवतील."

रेखाने साहेब कुठे आहेत ते वळून पाहिलं.

अडकलेले स्क्रू बोटाने सोडवायचे, पण त्यासाठी मशीन बंद करायची नाही, असा इथला नियम. वाटी किती हलवावी याचा तक्ता भिंतीवर आहे, कारण जास्त हलली तर स्प्रिंग तुटते आणि स्प्रिंग महाग असते. बाईच्या हाताने किती वर्षं थरथरावं याचा तक्ता कोणी छापला नाही. मी युनियनच्या सभांमधून 'शोषण' हा शब्द अनेकदा मोठ्याने उच्चारला आहे. तो असा मुकाट्याने गाल टेकवत असेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब आले. "काय सुमनताई, बरोबर चाललंय?"

ताईंनी तळहात वाटीवर ठेवला, अंदाज घेतल्यासारखे डोळे मिटले.

"एकदम बरोबर, साहेब."