सासूबाईंचं जांभूळ आणि सायकलचा रस्ता

सासूबाईंच्या जांभळावरून मी सायकलचा रस्ता नेला, आणि तो नकाशा सासऱ्यांच्याच ओसरीवर पसरून, पुरणपोळीवर ढेकर देत, त्यांच्याकडूनच शाबासकी घेतली. माझ्या चुका बऱ्याच आहेत, पण ढेकर देऊन केलेली ही एकच.

परतूरजवळ दुधनेच्या काठावर एक कॉलेज आहे. त्याच्या आवाराचा नवा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं. नवं वसतिगृह, काठाकाठाने सायकलींसाठी रस्ता, आणि पावसाळ्यात काठ ढासळतो म्हणून उतारावर पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. कॉलेजच्या कुंपणाला लागूनच सासऱ्यांचं शेत. त्यामुळे नदीच मला आंदण मिळाल्याच्या थाटात मी कामाला लागलो.

सासूबाई गेल्या तेव्हा सासऱ्यांनी रक्षा पाण्यात सोडली नाही. बांधापलीकडे, काठावर खड्डा करून त्यात घातली आणि वर जांभळाचं रोप लावलं. आमच्याकडे हल्ली बरेच जण असं करतात. त्या खड्ड्यात मूठभर माती मीही लोटली होती.

मग तेच झाड मला नकाशात कसं ओळखू आलं नाही? तर, तिथे मी नेहमी शेतातून जायचो, बायकोच्या मागे मागे. नकाशात मात्र कॉलेजकडून गेलो. मोजणीवाल्यांनी काठावर हिरवे ठिपके दिले होते. मी जालन्यात, ऑफिसात, एसीखाली बसून त्या सगळ्यांचा एकदमच निकाल लावला आणि समोर लिहिलं, ‘झुडुपे काढणे’.

अधिक महिन्यात सासरी जेवायचं बोलावणं आलं. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. देवाला कोणी चुका दाखवत नाही. जेवण झाल्यावर मी ओसरीवर नकाशा उलगडला. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा चढवला. त्यांचं बोट रस्त्यावरून सरकत सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. ओठ हलवत त्यांनी काहीतरी वाचलं.

“कसं वाटलं, मामा?”

“झकास केलंय, जावईबापू.”

“काही बदल?”

“तुमी एवढे शिकलेले. आमी काय सांगावं? अजून एक पोळी घ्या.”

घेतली. वर तूपही मागितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रस्त्याची आखणी झाली. कागदावरची रेघ जमिनीवर आणायची तर चुन्याची पांढरी फक्की हाताने सोडत जातात. माणसांनी पहाटेच काम उरकलं होतं. उन्हं वर आल्यावर मी आणि प्राचार्य कॉलेजकडून ती रेघ धरून निघालो.

“काय सरळ आलीय हो साहेब! डोळ्यात भरते.”

मी मान डोलावली, आणि पुढे पाहिलं तर रेघेवर मामा उकिडवे बसलेले. बाजूला कळशी. ओंजळीने पाणी घेत होते आणि एका रोपाच्या आळ्यात, अगदी कडेने, थेंब थेंब सोडत होते. पांढरी रेघ आळ्याच्या बरोबर मधून गेली होती. पानांवरही चुना उडाला होता.

“मामा, हे काय?”

“पाणी घालून राह्यलो. एकदम वतलं तर तुमची रेघ वाहून जाईल ना. म्हणून दमानं.”

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी शेताकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं, मग जांभळाकडे.

“तुम्हाला नकाशात दिसलं होतं?”

“दिसलं की.”

“मग बोलला का नाहीत?”

मामांनी पानावरचा चुना बोटाने पुसला. “ताटावर आलेल्या जावयाला न्हाई कसं म्हणावं? हीच माझ्यावर ओरडली असती. म्हणली असती, जावयाचा घास कडू केला.”

मी बुटाने रेघ पुसायला लागलो.

“अहो साहेब, रेघ!” प्राचार्य ओरडले.

“वळण देतोय, सर. सरळ रस्त्यावर पोरं सायकली पळवतील.”

“आणि इथलं पिचिंग?”

“इथे दगड नको. वाळ्याचं गवत लावू. मुळं माती धरतात.” हे मी खात्रीने बोललो. खात्री मला नंतर, हिशेब मांडल्यावर झाली.

माणसांनी तिथेच ठेवलेलं फक्कीचं घमेलं उचलून मी झाडाला वळसा घालत निघालो.

“अजून लांब,” मागून मामा म्हणाले.

“एवढं?”

“अजून. जांभूळ हाय, पसरंल ते.”

मी मागे मागे सरकत पार बांधाला टेकलो. रेघ पुरी झाली. मामांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली.

“हे काय? बैल चालता चालता मुतल्यावानी!”

म्हणाले आणि जीभ चावली. प्राचार्य आभाळात काहीतरी शोधू लागले. “रागावू नका, जावईबापू,” मामा पुटपुटले, पण त्यांचे खांदे हसण्याने गदगदत होते. मलाही हसू आवरेना. मी घमेलं त्यांच्यापुढे धरलं.

“मग तुम्हीच मारा.”

त्यांनी धोतर वर खोचलं, घमेलं कमरेला लावलं, आणि झाडाकडे एकवार बघून चालू लागले. चार पावलांवर, मागे न वळता म्हणाले, “बघत काय उभे राह्यले? ती कळशी घ्या अन् राह्यलेलं पाणी घाला. पाला धुवा आधी.”